भिजत घोंगडे

खेळात बचाव करणे हे पाप आहे, असे मानणारा एक पंथ जगात सगळीकडे आहे. ह्या पंथाचे अनुयायी स्वतः मैदानात क्वचितच उतरतात. ते खुर्चीत बसतात, हाताशी चहाचा पेला ठेवतात, आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी चिखलात घाम गाळणाऱ्या पोरांना, "असे भ्याडासारखे काय खेळता?" म्हणून धारेवर धरतात. ह्या पंथाचे मोठे पीठ गेली वीस-बावीस वर्षे आयर्लंडात भरलेले आहे, आणि त्याच्या शापवाणीचा विषय आहे तिकडचा गेलिक फुटबॉल. माझे स्पष्ट मत असे की, शाप चुकीच्या माणसांना दिले गेले. खेळ बिघडला हे खरे; परंतु तो ज्यांनी बिघडवला ते मैदानात नव्हतेच, ते सभागृहात बसले होते.

वाचक म्हणतील, ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, ही आयर्लंडच्या फुटबॉलची उठाठेव कशाला? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, तो देश आपल्याला तितकासा परका नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावला जो होमरूल संघ स्थापन केला, त्याचे नावच मुळी आयर्लंडकडून आले होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दुबळ्याने बलवानाशी कसे लढावे, आणि त्या लढाईचे नियम कोणी करावेत, हा प्रश्न त्या फुटबॉलच्या पोटात दडलेला आहे. आणि हा प्रश्न आयर्लंडचा एकट्याचा नाही. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. त्याच्या नादाने मला हे सामने पाहण्याची खोड लागली, आणि पाहता पाहता हा प्रश्न मला सोडीनासा झाला.

प्रथम हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. ह्यात चेंडू हातात धरता येतो. मात्र चारच पावले. मग तो जमिनीवर टप्पा देऊन तरी घ्यावा लागतो, नाहीतर पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हातात झेलावा लागतो. तो लाथेने पुढे धाडता येतो किंवा हाताने थापटून जोडीदाराकडे देता येतो. ह्या थापटण्याला आपण हातपास म्हणू. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन्ही खांबांच्या मधून गेला तर एक गुण. प्रत्येक बाजूला पंधरा गडी: एक गोलरक्षक, सहा बचावाचे, दोन मधले, सहा चढाईचे. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे आपल्या शाळांची तीन-चार क्रीडांगणे त्यात सहज मावतील.

ह्या खेळाचा संसार सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस गावच्या हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे अध्वर्यू. इंग्रजांचे खेळ इंग्रजांना लखलाभ असोत, आमचे खेळ आम्ही खेळू, ही त्यामागची ईर्षा. आपल्याकडे नऊ वर्षांनी, १८९३ साली, सार्वजनिक गणेशोत्सव ज्या ऊर्मीतून उभा राहिला, तिच्याच जातीची ही ऊर्मी. पुढे २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना चालू असताना इंग्रज सरकारच्या शिपायांनी गोळीबार केला. चौदा माणसे मेली, त्यांत टिपरेरीचा एक खेळाडू, मायकेल होगन, हाही होता. आज त्याच मैदानातला एक प्रेक्षकसज्जा त्याच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा ह्या खेळाविषयी आयरिश माणूस बोलू लागला की, तो नुसत्या करमणुकीविषयी बोलत नसतो. तो घराविषयी बोलत असतो.

आणखी एक गोष्ट. ह्या खेळात पगार नाही. क्रोक पार्कात ८२ हजार माणसे बसतात, अंतिम सामन्याला ती भरगच्च बसतात. पण मैदानातली तीस पोरे दुसऱ्या दिवशी कोणी दुकानात, कोणी शेतात, कोणी बँकेत कामाला जातात. त्यांत शाळामास्तरांचा भरणा मोठा आहे, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. आणि खेळाडू खेळतो तो आपल्या परगण्याकडून. बत्तीस परगणे, आणि ज्याने त्याने सामान्यतः आपल्या मातीच्या बाजूने उभे राहायचे. पैसे टाकून बाहेरचा गडी विकत घेण्याची सोय नाही. डब्लिन परगण्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या घरात. लीट्रिम परगण्याची सुमारे ३५ हजार. दोघांनीही पंधराच पोरे उभी करायची आणि एकाच चषकासाठी भांडायचे. हे गणित वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे, कारण माझा सारा वाद ह्या गणितावर उभा आहे.

आता तक्रार काय आहे ते ऐका. जुना गेलिक फुटबॉल म्हणजे माणसाला माणूस. चढाईच्या प्रत्येक गड्यामागे बचावाचा एक गडी, दोघांची जुगलबंदी. गोलरक्षकाने चेंडू उंच, लांब मैदानाच्या मध्यावर भिरकवायचा, आणि चार-सहा दांडग्यांनी उड्या मारून तो आकाशातून तोडून आणायचा. तो झेल म्हणजे ह्या खेळाचे खरे लेणे. मग एक लांब लाथ, पुढच्या गड्याची एक हुलकावणी, आणि चेंडू दांडीवरून पार.

ह्या चित्रावर घोंगडे पडले. इंग्रजीत ह्या बचावाला घोंगडीचेच नाव आहे, आणि ते अगदी यथार्थ आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की पंधरापैकी तेरा-चौदा गडी धावत मागे यायचे आणि आपल्या गोलासमोर दाटीवाटीने उभे राहायचे. चढाई करणाऱ्याला शिरायला फट नाही, लाथ मारायला उसंत नाही. मग तोही शहाणा होतो. तो चेंडू गमावण्याचा धोकाच पत्करीत नाही. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, त्या कडेपासून ह्या कडेपर्यंत, हातपास, हातपास, हातपास. चिवड्याचे ताट पाहुण्यांत फिरावे तसा चेंडू फिरत राहतो आणि खात मात्र कोणीच नाही.

ह्या प्रकरणातला पहिला मोठा बोभाटा २००३ साली झाला. उपांत्य सामन्यात टायरोनने केरीला १३ गुण विरुद्ध ६ गुण असे लोळवले. केरी म्हणजे ह्या खेळातले सरदार घराणे. आजवर ३९ अजिंक्यपदे त्यांच्या नावावर. टायरोनकडे तोवर एकही नव्हते. मिकी हार्ट ह्या शिक्षकाने त्यांची मोट बांधली होती. केरीच्या गड्याच्या हातात चेंडू आला की तीन-तीन, चार-चार टायरोनवाले त्याच्याभोवती माश्यांसारखे घोंगावत. केरीचे जुने वीर, आठ अजिंक्यपदांचे धनी पॅट स्पिलेन, तेव्हा दूरदर्शनवर बसले होते. त्यांनी ह्या खेळाला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटले, आणि तो शब्द तिकडे अजून कोणी विसरलेले नाही. टायरोनने काय केले? महिन्याभरात अंतिम सामना जिंकला आणि आपल्या इतिहासातला पहिला चषक घरी नेला.

मी विचारतो, ओकारी नेमकी कोणाला आली? ज्याच्या घरी चषकांची रांग लागली आहे त्याला. ज्याच्या घरी पहिलाच चषक आला त्याच्या घरी त्या रात्री पेढेच वाटले असतील, किंवा तिकडे जे काही वाटतात ते. 'सुंदर खेळा', 'मोकळे खेळा', 'मर्दासारखे छातीला छाती भिडवा' हा उपदेश नेहमी रुंद छातीवालाच करतो, हे माझे जुने निरीक्षण आहे. जिल्ह्याच्या शालेय कबड्डीतही मी हे पाहतो. ज्या शाळेत पोरे उंचीपुरी, तिचे मास्तर मोकळ्या खेळाचे कैवारी; आणि ज्या शाळेत सारी अंगाने काडीपैलवान, तिने जरा सावधपणे डाव रचला की लगेच 'हा काय खेळ आहे?' म्हणून हाकाटी.

आपण मराठी माणसांनी तरी ह्या हाकाटीत सूर मिसळू नये. १६५९ साली अफझलखान वाईच्या मोकळ्या मैदानात तळ देऊन बसला होता, तेव्हा महाराजांनी त्याला 'या, मैदानात छातीला छाती भिडवू' असे कळवले नाही. त्याला जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यायला लावले. त्याचे हत्ती, त्याच्या तोफा, त्याची संख्या, सारे जेथे निरुपयोगी ठरेल अशी जागा आधी निवडली. त्याला आपण गनिमी कावा म्हणतो आणि शाळेत अभिमानाने शिकवतो. मग डोनेगलच्या एखाद्या तरुणाने तेच केले तर तो भ्याड कसा?

डोनेगल हा आयर्लंडच्या वायव्य टोकाचा, समुद्राचा वारा खाणारा परगणा. १९९२ साली एकदा त्याचे नशीब उघडले होते, पण पुढे अठरा वर्षे आपल्या अल्स्टर प्रांताचे विजेतेपददेखील त्याला मिळाले नाही. मग जिम मॅक्गिनेस नावाचा त्याच मातीतला माजी खेळाडू मार्गदर्शक झाला. २०११ च्या उपांत्य सामन्यात त्याने डब्लिनसमोर असे घोंगडे अंथरले की, सत्तर मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून अवघे चौदा गुण झाले: डब्लिन ८, डोनेगल ६. गोल एकही नाही. देशभर संतापाची लाट उसळली. खेळाची हत्या झाली, असे लोक म्हणू लागले.

परंतु पुढच्याच वर्षी काय झाले हे ही मंडळी सांगत नाहीत. २०१२ च्या अंतिम सामन्यात ह्याच डोनेगलने मेयोविरुद्ध पहिल्या दहा-बारा मिनिटांतच दोन गोल ठोकले, आणि त्यांतला पहिला कसा? एक लांब, उंच चेंडू, त्याखाली मायकेल मर्फीची झेप, झेल आणि तडाखा! म्हणजे जुन्या जमान्याच्या भक्तांना हवा असलेला खेळ त्या दिवशी कोणी दाखवला असेल, तर तो ह्या 'मारेकऱ्यांनी'. डोनेगल २ गोल ११ गुण, मेयो १३ गुण. तात्पर्य, मॅक्गिनेसचे घोंगडे हे झोपण्यासाठी नव्हते. ते दबा धरण्यासाठी होते. शत्रूला आत येऊ द्यायचे, त्याचा चेंडू हिसकायचा आणि तो सावरण्यापूर्वी वाऱ्यासारखे त्याच्या गोलावर जाऊन पडायचे. २०१४ च्या उपांत्य सामन्यात त्यांनी सर्वशक्तिमान डब्लिनला ह्याच रीतीने ३ गोल १४ गुण विरुद्ध १७ गुण असे आसमान दाखवले. ह्याला जो नुसता बचाव म्हणतो, त्याने सामना पाहिलेला नाही, गुणफलक तेवढा वाचला आहे.

इथवर मी दुबळ्यांचे वकीलपत्र घेतले. आता दुसरी बाजू, कारण वकिली वेगळी आणि न्याय वेगळा.

गनिमी कावा हे दुबळ्याचे हत्यार असते तोवरच त्याला तेज असते. बलवानाने ते उचलले की काय होते? २०१४ च्या अंतिम सामन्यात केरीने, होय, ज्या केरीच्या वीराला अकरा वर्षांपूर्वी ओकारी आली होती त्याच केरीने, डोनेगलचेच घोंगडे पांघरले आणि २ गोल ९ गुण विरुद्ध १२ गुण असा चषक पळवला. डब्लिन तर त्याहून हुशार. उपांत्य सामन्यातल्या त्या एका पराभवाने त्यांनी असा धडा घेतला की, पुढे २०२१ पर्यंत अजिंक्यपदाच्या स्पर्धेत ते कोणाला हरलेच नाहीत. २०१५ ते २०२०, ओळीने सहा चषक! घोंगड्याला उत्तर काय, तर धीर. घाई करायची नाही, चेंडू सोडायचा नाही, फट पडेपर्यंत फिरवत राहायचे. आणि धीर ही गोष्ट गरिबाला परवडत नाही. त्याला लागते तगडी फळी, बाकावर बसवलेले तितकेच तगडे राखीव गडी, वर्षभराचा सराव. साडेचौदा लाखांतून तीस पोरे निवडणाऱ्याला ती चैन शक्य आहे; ३५ हजारांतून निवडणाऱ्याला नाही.

म्हणजे गंमत पाहा. हत्यार गरिबाने घडवले आणि ते श्रीमंताच्या कोठारात जाऊन पडले. सगळेच घोंगडे पांघरू लागल्यावर लढाई कोणाशी करायची? दोन्ही सैन्ये आपापल्या किल्ल्यात दारे लावून बसली आहेत आणि मधले पठार ओस पडले आहे, ह्याला गनिमी कावा म्हणत नाहीत. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून अवघ्या ५ धावा दिल्या, त्यांतली २१ षटके तर ओळीने निर्धाव. त्या अचूकपणाचे कौतुक आपण आजही करतो, करायलाच हवे. पण दोन्ही बाजूंचे सारेच गोलंदाज आणि सारेच फलंदाज पाचही दिवस तसेच वागू लागले, तर तिकीट काढून तिसऱ्या दिवशी मैदानावर कोण जाईल? एकाचा संयम हा गुण असतो. सर्वांचा संयम ही साथ असते.

ह्या साथीत पहिला बळी गेला तो त्या आकाशातल्या झेलाचा. गोलरक्षक चेंडू मध्यावर भिरकावीनासाच झाला. बाजूला मोकळ्या उभ्या असलेल्या आपल्याच गड्याला तो हळूच चेंडू देऊ लागला. डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन ह्याने तर त्या लाथेचे शास्त्रच बनवले. बिनचूक, बिनधोक, परंतु मध्यावर उड्या मारायला जन्मलेली ती दांडगी पोरे खाली उभी राहून नुसतीच माना वळवू लागली. लहानपणापासून भिंतीवर चेंडू मारून ज्याने उजव्या-डाव्या दोन्ही पायांची लाथ कमावली, त्याला मार्गदर्शक सांगू लागला, 'बाबा रे, लाथ मारू नकोस, धोका आहे, हातानेच दे.' मी मास्तर आहे. शिकवलेली विद्या पोराने वापरू नये, असे ज्या परीक्षेत ठरते, ती परीक्षा चुकीची आहे हे समजायला मला पंडिताची गरज नाही. पोरगा दोषी नाही. प्रश्नपत्रिका दोषी आहे.

आणि येथेच माझे त्या शुद्धतावाद्यांशी खरे भांडण आहे. वीस वर्षे त्यांनी काय केले? पोरांच्या नीतीची चर्चा केली. पूर्वजांचा खेळ असा नव्हता म्हणून उसासे टाकले. अहो, पूर्वजांचा खेळ तरी कोठला? संस्थेच्या आरंभी एका बाजूला २१ गडी असत. गर्दी फार होते म्हणून ते १७ केले, आणि १९१३ पासून १५. सुरुवातीला एका गोलापुढे कितीही गुण कवडीमोल असत. मग १८९२ साली गोल पाच गुणांचा ठरला, १८९६ साली तीन गुणांचा. म्हणजे ज्यांच्या नावाने हे गळे काढतात, ते पूर्वज मैदानात दाटी झाली की उपदेश करीत बसत नसत; नियम बदलून मोकळे होत.

त्यांच्या वारसांनी मात्र हे घोंगडे भिजत ठेवले. २०१४ साली मुद्दाम धसमुसळेपणा करणाऱ्यासाठी काळे कार्ड काढले. २०१७ साली गोलरक्षकाचा चेंडू झेलणाऱ्याला एक सवलत दिली. लागोपाठ तीनच हातपास द्यावेत असा प्रयोग २०१८-१९ च्या हिवाळ्यात करून पाहिला आणि ओरड होताच गुंडाळला. २०२० साली चढाईतल्या झेलालाही सवलत दिली. ठिगळामागून ठिगळ, गळते छप्पर तसेच.

शेवटी २०२४ साली जार्लथ बर्न्स संस्थेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी एक समिती नेमली. तिचा प्रमुख कोण? जिम गॅव्हिन. म्हणजे २०१४ साली डोनेगलच्या घोंगड्यात गुरफटून पडलेल्या आणि पुढे पाच वर्षे ओळीने चषक जिंकलेल्या डब्लिनचाच मार्गदर्शक. कुलपाची दुरुस्ती ज्याला सांगितली त्याने ते आतून-बाहेरून पाहिलेले होते. ३० नोव्हेंबर २०२४ च्या विशेष अधिवेशनाने त्या समितीचे नियम एका हंगामाच्या कसोटीसाठी मान्य केले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ते कायम केले.

त्यांतले मोजकेच सांगतो. एक: प्रत्येक बाजूचे किमान तीन गडी सदैव प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात हवेत, सारेच्या सारे मागे धावणे बंद. एकदिवसीय क्रिकेटमध्ये वर्तुळाबाहेर ठरावीकच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, तसलाच हा प्रकार. दोन: गोलापासून चाळीस मीटरांवर एक कमान आखली, तिच्या बाहेरून दांडीवर चेंडू धाडला तर एकाऐवजी दोन गुण. म्हणजे गोलासमोर घोंगडे अंथरून बसाल तर लांबून मार खाल. तीन: गोलरक्षकाची लाथ त्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. आली की नाही आकाशातली झुंज परत! चार: गोलरक्षकाकडे चेंडू परत परत लोटून वेळ काढण्यावर बंधने.

ह्यांत कोठेही 'शूर व्हा', 'सुंदर खेळा' असे लिहिलेले नाही. कोणाच्या मर्दपणाची झडती नाही. भ्याडपणा परवडेनासा केला आणि धाडस परवडेल असे केले, एवढेच. २०२४ च्या अंतिम सामन्यात अर्माने गॉलवेला १ गोल ११ गुण विरुद्ध १३ गुण असे हरवले होते. २०२५ च्या २७ जुलैला, नव्या नियमांखाली, केरीने डोनेगलवर १ गोल २६ गुण विरुद्ध १९ गुण असा विजय मिळवला. लांबच्या लाथेला आता दुप्पट दाम मिळतो, म्हणून ही वाढ सारीच खरी धरू नये, हे कबूल. तरी चेंडू पुढे जाऊ लागला, एवढे आंधळ्यालाही कळेल.

आता कोणी म्हणेल, 'मास्तर, तुमच्या नव्या नियमांखाली पहिला चषक पुन्हा केरीच्या सरदारांनीच नेला, आणि जुन्या घोंगड्याखाली शेवटचा चषक अर्मासारख्या छोट्या परगण्याने नेला होता. मग गरिबाचे भले कशात?' आक्षेप वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. पण त्याच २०२५ च्या अंतिम सामन्यात केरीसमोर उभा कोण होता हेही पाहा. डोनेगल! आणि त्यांचा मार्गदर्शक? परत आलेला तोच जिम मॅक्गिनेस. ज्याच्या घोंगड्यावर बंदी घालण्यासाठी नियम बदलले असे लोक म्हणत होते, तो पहिल्याच वर्षी नव्या नियमांच्या अंतिम सामन्यात येऊन उभा राहिला. अक्कल घोंगड्यात नव्हती, डोक्यात होती. दुबळ्याला जिंकायला अक्कल लागते, आणि अक्कल चालवायला मोकळी जागा लागते. सगळीकडे दाटी असली की शेवटी ज्याच्या राखीव गड्यांची रांग लांब, तोच पुरून उरतो.

मात्र संस्थेला माझे एक मागणे आहे. श्रीमंताच्या कोठारात हे दुगुणी लाथेचे हत्यारही एक दिवस जाऊन पडेल. लांब लाथ कमावण्यासाठी वेगळे शिक्षक, वेगळा सराव कोणाला परवडेल ते उघड आहे. तेव्हा हे नियम वेदवाक्य समजून देव्हाऱ्यात बसवू नका. आपल्या कबड्डीकडे पाहा. रिकाम्या चढायांचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा प्रो कबड्डीत तिसरी चढाई 'करो या मरो' ठरली: गुण आण, नाहीतर बाहेर बस. आणि त्याच खेळात, तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या बाजूने चढाईवाला पकडला तर तिला एक गुण जादा. वेळकाढूला चाप आणि दुबळ्याला हात, दोन्ही एकाच नियमावलीत. ह्याला मी न्याय म्हणतो. गेलिक फुटबॉलने पहिले केले. दुसऱ्याकडे अजून लक्ष द्यावयाचे आहे. लीट्रिमच्या ३५ हजारांसाठी नव्या नियमांत काय आहे, हा प्रश्न त्यांनी दरवर्षी अधिवेशनात पहिला घ्यावा.

आणि आपल्याकडच्या पंचांना, क्रीडाशिक्षकांना, दूरदर्शनसमोरच्या पेलेबहाद्दरांनाही तेच सांगणे. मैदानातला पोरगा रडीचा खेळ खेळतो असे वाटले, तर त्याला शिव्या देण्याआधी नियमांचे पुस्तक उघडा. तो रडी खेळून जिंकतो ना? मग त्याने ते पुस्तक तुमच्यापेक्षा बारकाईने वाचले आहे. तुम्हांला तो खेळ नको असेल तर पुढच्या सभेला जा, हात वर करा आणि कलम बदलून घ्या. आयर्लंडला तेवढे करायला वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत उंच झेल शिकलेली एक अख्खी पिढी तो झेल न घेताच मैदानाबाहेर गेली. तिची भरपाई कोणताही नियम करणार नाही.